नेकनूरच्या माळावरचं जहाज

मी आयुष्यात एक जहाज बांधलंय. नेकनूरच्या माळावर. जवळात जवळचं पाणी म्हणजे आमची नदी, आणि तिच्यात त्या वर्षी म्हशीला बसायलासुद्धा पाणी नव्हतं. जहाज कडब्याचं होतं, बाजांचं होतं, फक्कीच्या रेघांचं होतं. आणि त्याचा कप्तान मी, ज्यानं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

हे आज आठवायचं कारण म्हणजे परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाइलवर चित्रफीत दाखवली. जहाजात गाड्या चढवणाऱ्या ड्रायव्हरांना आता म्हणे एसीच्या खोलीत बसवून शिकवतात. समोर पडदा, हातात खोटं स्टेअरिंग, पडद्यावर खोटं जहाज. चुकलं तरी कुणाचं काही मोडत नाही. "मास्तर, याला सिम्युलेशन म्हणतात," तो म्हणाला. मी म्हणालो, "अरे, आपण केलं तेव्हा त्याला नाव नव्हतं, नाहीतर मी बोर्ड लावला असता."

बोर्ड लावायची मला भारी हौस. बीडला बसस्टँडच्या मागं माझी मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूल म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि एक जुनी मोटार. बोर्डावर लिहिलं होतं, 'येथे मोटार खात्रीने शिकवली जाते.' खात्री कशाची ते लिहिलं नव्हतं. माझ्या मोटारीला दोन क्लच होते, दोन ब्रेक होते, आणि एक हँडब्रेक होता, म्हणजे त्याचा दांडा होता. त्या दांड्याचा खाली कशाशीही संबंध उरलेला नव्हता. मी त्याला जेवणाची पिशवी अडकवायचो.

यात मी एकटा होतो असं नाही हं. आमच्या जिल्ह्यात त्या काळी हँडब्रेक चालणारी गाडी दाखवा अन् बक्षीस घेऊन जा. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी थांबली की क्लीनर आधी खाली उडी मारणार, चाकामागं दगड लावणार, मग ड्रायव्हर उतरणार. त्या दगडाला आम्ही उटी म्हणतो. कुणी ती लाकडाची करतात, पण दगडासारखी उटी नाही, आणि देवाच्या दयेनं आमच्याकडं दुसरं काही नसलं तरी दगड मुबलक. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवायचो: क्लच, ब्रेक, गिअर, दगड. हा चौथा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता याचा मला अभिमान वाटायचा.

तर ती वर्षं अशी होती की देशाची दारं उघडली असं पेपरात रोज यायचं. आमच्याकडं त्या दारातून आधी शाम्पूची पुडी आली, मग रंगीत टीव्ही आला, आणि मग टीव्हीवर नव्या नव्या मोटारी यायला लागल्या. त्या मोटारी आपल्याच देशात बनतात आणि जहाजात बसून परदेशी जातात, हे मला आमच्या मुकादमानं सांगितलं. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना नेणारा माणूस. मोठ्या पोटाचा, पांढऱ्या टोपीचा, बोलायला लागला की समोरच्याच्या खांद्यावर हात टाकणारा. तो एका पुढाऱ्याच्या ओळखीनं मुंबईच्या बंदरावर जाऊन आला होता.

"अवो मास्तर," माझ्या टेबलावर बसत तो म्हणाला, "जहाजात मोटारी भरायच्यात. ट्रकात ऊस भरतोत की, तशा. जहाज लागलं की टोळीनं जायचं, एकेक मोटार हाकत आत न्यायची, चिटकून लावायची, उतरायचं, भाईर यायचं, दुसरी घ्यायची. जहाज भरलं की मोकळे. साहेब म्हनला, किती ड्रायव्हर देता? म्या म्हनलं, किती स्टेअरिंग पायजेत ते बोला."

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची. मुकादमाला दुसरं माप ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं ड्रायव्हरांची स्टेअरिंगं केली होती.

"पन साहेब म्हनतो, शिकवलेली मान्सं आना. नव्या कोऱ्या मोटारी, चरा पडला तर त्याच्या गळ्याशी येतंय. आधी तो परीक्षा घेनार. तर मास्तर, तुमी शिकवा."

आता खरं म्हणजे मी विचारायला हवं होतं की बाबा रे, मी जहाज पाहिलेलं नाही, मी काय शिकवू? पण समोरचा 'तुमी शिकवा' म्हणाला की माझी छाती आपोआप पुढं येते, त्याला मी काय करणार? मी खुर्चीत जरा मागं रेललो आणि म्हणालो, "हो, जहाजाचं काम जरा वेगळं असतं."

दुसऱ्याच दिवशी अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नेकनूरलाच दिलेली. दरवर्षी दसरा झाला की ती आणि दाजी पोरीला घेऊन मुकादमाच्या ट्रकात बसायचे आणि पाडव्याला परत यायचे. पोर दसऱ्यापर्यंत शाळेत, पुढं उसाच्या फडात. परत आली की गुरुजी तिला पुन्हा त्याच वर्गात बसवायचे. सहावीची पुस्तकं तिची तोंडपाठ झाली होती, पण सहावी काही संपत नव्हती. कविता म्हण म्हटलं की ती पुस्तक न उघडता पान नंबरासकट म्हणायची, आणि आम्ही सगळे हुशार हुशार म्हणून हसायचो. अक्का मात्र हसायची नाही.

"तुझ्या दाजींना त्या जहाजात घाल," अक्का उंबऱ्यातूनच म्हणाली. "ट्रॅक्टर चालवत्यात, लायसन हाय. ते तिकडं गेले की म्या घरी. अर्धा कोयता कुनी नेत न्हाई. पोरगी सातवीत जाईल."

"अगं पण परीक्षा हाय त्याची."

"म्हनून तर तुझ्याकडं आले. औंदा म्या त्यांना मुकादमाची आगाऊ उचल घेऊ दिली न्हाई. मुकादमाला सांगितलंय, दसऱ्यानंतर ट्रक निघंल तवर निरोप आला तर आमी न्हाई. न्हाई आला तर पोरीला घेऊन म्या ट्रकात बसते, हे मागून येतील."

"अक्का, तू काळजी करू नको. मी हाय की!"

"तू हाईस म्हनूनच करते," अक्का म्हणाली आणि पाणी पिऊन निघून गेली.

मग मी जहाज बांधायला घेतलं. मुकादमानं साहेबाकडून एक नकाशा आणला होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं काढलेला: लांबुळका डबा, त्यात जायला एक उतरण, आत गाड्यांच्या रांगा. नियम त्यानं तोंडी सांगितले. हॉर्न वाजवायचा नाही. दोन गाड्यांच्या आरशांत एक मूठ जागा. दार अर्धवटच उघडायचं आणि पोट आत घेऊन उतरायचं, शेजारच्या गाडीला अंग लागता कामा नये. अंगावर धातू नको, चरे पडतात.

माळावर मी फक्कीनं जहाज आखलं. लांबी पावलांनी मोजली, आणि मोजता मोजता एका ओळखीच्यानं हाक मारली म्हणून आकडा विसरलो, तेव्हा जिथं होतो तिथंच जहाज संपवलं. पाझर तलावाचा बांध होता, त्याच्या उतारावरून गाडी वर चढवली की ती जहाजाची उतरण. शेजारच्या गाड्या म्हणून उभ्या केलेल्या बाजा आणि कडब्याच्या पेंढ्या. पहिल्याच दिवशी पाटलांच्या गाईनं शेजारची गाडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं मागची खाल्ली. त्यानंतर मी रोज जहाजाला पहारा ठेवला.

दाजी आणि मुकादमानं गोळा केलेली बाकीची स्टेअरिंगं सकाळी सकाळी जमायची. जीपवाले, टेम्पोवाले, ट्रॅक्टरवाले, सगळे घाटात तयार झालेले. मी बांधावर उभा राहून भाषण करायचो. धातूचा नियम सांगितला तेव्हा ताईत निघाले, कडी निघाली, एकाच्या कानातली बाळी निघाली. पण करदोड्यापाशी गाडी अडली. दाजींच्या करदोड्याला चांदीची किल्ली होती.

"काढा, दाजी."

"करदुडा मेल्यावर काडत्यात, मास्तर," दाजी शांतपणे म्हणाले. "आजून टाइम हाय."

दाजी मला एरवी मेव्हणे म्हणायचे. शिकवणी चालू असताना मास्तर म्हणायचे, आणि म्हणताना मिशीत हसायचे. अखेर सगळ्यांनी करदोडे पँटच्या आत खोवायचे ठरलं. हा जहाजाचा नियम मी केलेला.

नुसतं लावणं-उतरणं शिकवून माझं समाधान होईना. जहाज म्हटलं की ते हलणार, हे मला सिनेमे बघून पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी चौघांना मोटारीच्या मागच्या बंपरवर दाब देऊन ती खाली-वर हलवायला लावायचो आणि आतल्यानं तशात दोन बाजांच्या मधे गाडी लावायची. पहिल्या दिवशी तिघांना उलट्या झाल्या. मग मी सगळ्यांना गालात लिंबाची फोड धरायला सांगितलं. "समुद्रावर सगळे असंच करतात," मी म्हणालो. कुठून सुचलं देव जाणे.

इशारे द्यायला माणूस हवा होता. जहाजात ड्रायव्हरनं मागं वळून बघायचं नाही, पुढं उभा असेल त्याच्या हाताकडं बघायचं, असं मुकादम म्हणाला होता. मी उभा राहिलो तर कुणी माझं ऐकेना. हा ये म्हणतोय का थांब म्हणतोय तेच कळत नाही म्हणाले. तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन चाललेली अक्का पाटी खाली ठेवून आली. फडात बैलगाडी उसात घालताना तीच दाजींना हाका देते. तिनं पदर खोचला आणि हात वर केला. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" तिचा बास म्हणजे बास. गाडी जागच्या जागी उभी. आणि पुढं जायचं असलं की ती बॉनेटवर दोन थापा मारायची, एसटीच्या कंडक्टरनं डबल बेल द्यावी तशा. "जाऊ द्या!" दोन दिवसांत सगळी टोळी तिच्या हातावर चालायला लागली आणि कप्तानाला पहाऱ्यावर गाय हाकायचं काम उरलं.

आता दगडाचं. नकाशात प्रत्येक गाडीच्या चाकामागं एक बारीक त्रिकोण काढलेला होता. मी तो पाहिला आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "बघा!" मी कॅलेंडर सगळ्यांपुढं नाचवलं. "जहाजवाले बी उटी लावत्यात! शेवटी गाडी ती गाडी. घाट काय अन् समुद्र काय." तो त्रिकोण म्हणजे जहाज निघायच्या आधी तिथलीच माणसं लावतात ती खास पाचर, आणि तिच्याशी ड्रायव्हरचा काडीचा संबंध नाही, हे मला पुढं कळलं. माळावर मात्र आमचा धडा ठरला: गाडी लावा, गिअरमध्ये टाका, पोट आत घेऊन उतरा, दगड लावा. दगड तिथं पायाखालीच होते. माझ्या मोटारीच्या हँडब्रेकला तोवर जेवणाची पिशवीच लटकत होती. बंदरावरच्या नव्या कोऱ्या गाड्यांचा हँडब्रेक चालत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. गाढवपणा म्हणतात तो यालाच.

निघायच्या दिवशी अक्कानं सगळ्यांच्या भाकरी बांधून दिल्या. पोरगी दाजींच्या सदऱ्याला धरून उभी होती. "बाबा, पास व्हा," ती म्हणाली. दर वर्षी परीक्षेला जाणाऱ्या पोरांना आपण सांगतो तसं. जाता जाता दाजींनी माळावरून एक दगड उचलला, काळा, एका बाजूनं चपटा, आणि भाकरीच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला.

"कावून वो? दगड तिकडं न्हाईत का?" कुणीतरी चेष्टा केली.

"आपला असलेला बरा," दाजी म्हणाले.

मुंबईत एसटीतून उतरून बंदराच्या फाटकापाशी आम्ही पोचलो तेव्हा सगळ्यांच्या गालात लिंबाच्या फोडी होत्या, कारण मी तसा हुकूम सोडला होता. साहेब बाहेर आला. बारीक अंगाचा, उन्हानं रापलेला, डोक्याला पिवळी टोपी. त्यानं पहिल्याला नाव विचारलं. पहिल्यानं गाल सावरत काहीतरी 'अंव्हं' केलं. दुसऱ्यानंही तसंच.

"यांना बोलता येत नाही का?" साहेबानं मुकादमाला विचारलं.

"लिंबू हाय साहेब," मुकादम म्हणाला. "जहाज हलतंय म्हनून."

साहेबानं लांब हात केला. तिकडं जहाज उभं होतं. आमच्या तालुक्याच्या कचेरीएवढं, नाही, तशा दहा कचेऱ्या एकावर एक ठेवल्यासारखं, आणि कचेरीसारखंच ठार निश्चल. इंचभर हलत नव्हतं. टोळीतल्या प्रत्येकानं जहाजाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी समुद्राकडं बघत राहिलो. एवढ्या लांब आलोच होतो तर.

परीक्षा काही खऱ्या जहाजात नव्हती. आवारात एका कोपऱ्यात त्यांनी पांढऱ्या पट्ट्यांनी रांगा आखल्या होत्या, शेजारच्या गाड्या म्हणून पत्र्याची पिंपं ठेवली होती आणि उतरण म्हणून सिमेंटचा उतार बांधला होता. म्हणजे यांचंही जहाज खोटंच! माझा जीव भांड्यात पडला. फरक एवढाच की यांचं गाईनं खाल्लेलं नव्हतं.

आणि सांगतो, आमच्या माणसांनी गाड्या अशा लावल्या की साहेबाच्या भुवया वर गेल्या. मूठ म्हणजे मूठ. पोट आत घेऊन उतरले, दाराचा आवाज नाही. मी मुकादमाला कोपरानं ढोसलं. मग साहेब म्हणाला, "आता उतारावर. चढणीच्या मध्यावर थांबायचं, गाडी बंद करायची, उतरून माझ्याकडं यायचं."

पहिला चढला, मध्यावर थांबला, गाडी गिअरमध्ये टाकली, उतरला, आणि साहेबाकडं जायचं सोडून खाली वाकून इकडंतिकडं बघायला लागला. तिथं काय, भात सांडला तर उचलून खावा असं झाडलेलं सिमेंट. खडा नाही. तेवढ्यात गाडी सुस्कारा सोडून हळूच मागं सरकली. साहेब पळत गेला, दारातून आत घुसला आणि त्यानं दांडा ओढला. गाडी थांबली.

दुसरा चढला. उतरला. वाकला. साहेब पळाला.

तिसरा चढला तेव्हा साहेब आधीच दारापाशी उभा होता. "काय शोधताय?" तो ओरडला.

"दगुड, साहेब."

"दगड? तुमच्या गावात हँडब्रेक नसतो का?"

खरं उत्तर 'नसतो' असं होतं, पण ते द्यायचं धैर्य कुणाला झालं नाही. "कुणी शिकवलं यांना?" साहेबानं विचारलं आणि सगळ्यांचे हात एकदम माझ्याकडं वळले. एवढी एकी मी त्या टोळीत आधी पाहिली नव्हती.

"या मास्तर, दाखवा."

मी गाडीत बसलो. नवी गाडी, आत कोऱ्या रेग्झिनचा वास. मी रुबाबात गाडी चढवली, मध्यावर थांबवली आणि दांडा असा खसकन ओढला की माळावरच्या गाईनंही मान वळवली असती. उतरलो. गाडी जागची हलली नाही. मी साहेबाकडं बघून हसलो. "आता खाली आणा," तो म्हणाला. मी पुन्हा बसलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दांडा ओढतात कसा एवढंच मी पाहिलंय, तो सोडतात कसा ते कधी पाहिलेलं नाही. टोकाला एक बटण असतं, ते दाबायचं असतं. मी काही ते दाबलं नाही. मी गाडी तशीच खाली आणली, रेटत, रडवत, आणि जळक्या वासाचा धूर काढत. साहेबानं नाकाला रुमाल लावला.

"मास्तर," तो म्हणाला, "उतरा. आणि परत बसू नका."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी तिचा आभारी राहिलो असतो, पण खाली सिमेंट होतं. मी मुकाट्यानं सावलीत जाऊन उभा राहिलो. राग कुणाचा यावा तेही कळेना. कॅलेंडरचा आला, त्रिकोणाचा आला, गाईचासुद्धा आला.

आता दाजी राहिले होते. मला माळावरची ती पोर दिसत होती, बाबा पास व्हा म्हणणारी. दाजी वर चढले, मध्यावर थांबले, उतरले, पिशवीतून फडकं सोडलं आणि आमच्या माळावरचा तो काळा दगड चाकामागं लावला. साहेब कपाळावर हात मारून नुसता बघत राहिला.

"हे काय घरून आणलं?"

"व्हय साहेब."

"काढ तो. जहाजात दगडबिगड चालत नाही. आत बस, हँडब्रेक ओढ, मग उतर."

दाजींनी दगड काढून पिशवीत ठेवला. आत बसले, दांडा ओढला. पण उतरले नाहीत. साहेब म्हणाला, उतर. दाजी म्हणाले, "न्हाई साहेब. ह्यो दांडा माझ्या वळकीचा न्हाई. खाली मान्सं हाईत." आम्ही सगळे उताराच्या पायथ्याशीच उभे होतो.

तेवढ्यात साहेबाला कुणीतरी जहाजावरून हाक मारली. त्याचं आमच्यावरून मन उडालंच होतं. "संपलं तुमचं. जा घरी," असं हात झटकून म्हणाला आणि गेला. मुकादम त्याच्या मागं पळाला. टोळीनं गालातली लिंबं थुंकली आणि पायथ्याशीच जरा सावली होती तिथं भाकरी सोडली. अक्काला काय सांगू? मी हाय की, असं म्हणालो होतो ना मी?

दाजी मात्र गाडीतच. मी चढणीवर गेलो. "उतरा दाजी. संपलं सगळं."

त्यांचा पाय ब्रेकवर होता. दांडा ओढलेला, गाडी गिअरमध्ये, तरी पाय ब्रेकवर घट्ट. "त्यांला आधी उठवा तिथनं," दाजी खालच्या जेवणाऱ्यांकडं मान करून म्हणाले.

"अहो, हँडब्रेक लागलाय. दिसतंय की."

"तुमीच शिकवलं न्हाई का, मास्तर? दगुड लागल्याबिगर गाडी सोडायची न्हाई. आन् दगुड तर ह्यांनी काडाया लावला."

मी टोळीला उठायला सांगितलं. माझं त्या दिवशी कोण ऐकतो? "तुमी गप बसा आता मास्तर," म्हणाले आणि चटणी एकमेकांकडं सरकवत बसले. मी परत वर गेलो. दाजींची मांडी थरथरत होती, कपाळावरून घाम नाकावर येत होता, तो पुसायला त्यांनी हातसुद्धा स्टेअरिंगवरून काढला नव्हता. मी काय करावं ते न सुचून गाडीच्या मागं गेलो आणि चाकाला पाठ लावून तिथंच खाली बसलो. उटी म्हणून. माझ्याएवढा जड दगड बंदरावर दुसरा नव्हता.

साहेब परतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उतारावर मधोमध गाडी, आत दाजी, चाकाला टेकलेला मी. तो आधी माझ्याकडं आला. "तुम्ही इथं काय करताय?"

"दगड, साहेब," मी म्हणालो.

मग तो दारापाशी गेला, आत वाकून पाहिलं. दांडा, गिअर, ब्रेकवरचा पाय. "मी गेल्यापासून असाच बसलायस?"

"खाली मान्सं जेवाया बसल्यात," दाजी म्हणाले.

साहेबानं खाली जाऊन टोळीला स्वतः उठवलं, बाजूला केलं. परत येऊन म्हणाला, "आता उतर." दाजी उतरले आणि पाय बधिर झालेला म्हणून तिथंच मटकन बसले. साहेब मुकादमाला म्हणाला, "हा इथंच राहू दे, उद्यापासून घेतो. बाकीच्यांना हँडब्रेक शिकवून पुन्हा आणा. आणि मास्तर दुसरा बघा."

मला इतका आनंद झाला की त्यातलं शेवटचं वाक्य माझ्याबद्दल होतं हेही मला एसटीत बसल्यावर आठवलं. निघताना दाजींनी माझ्या हातात पिशवी दिली. आत फडकं आणि दगड. "तुमच्या अक्काला द्या. म्हनावं, जागच्या जागी ठिवा."

नेकनूरला फोन करायचा तर गावातला एकुलता एक फोन पंधरवड्यापासून मेलेला. एसटी वाटेत एकदा पंक्चर झाली, एकदा चहाला थांबली ती ड्रायव्हर निघायलाच तयार नाही. आणि मी पोचणार त्या दिवशीच मुकादमाचा ट्रक गावातून निघणार होता. मी खिडकीतून प्रत्येक समोरच्या ट्रकात अक्काला शोधत होतो.

फाट्यावर उतरून पळत वेशीपाशी आलो तर ट्रक उभा. वर बोचकी, पातेली, पत्रे, कोंबड्यांची डालगी, बायामाणसं. इंजिन चालू नव्हतं, ट्रक उतारावर, आणि मागच्या चाकाला भलाथोरला दगड. सगळ्यांत वर गोधडीच्या बोचक्यावर माझी भाची बसलेली, मांडीवर दप्तर. फडात शाळा नसते हे तिला ठाऊक होतं, तरी दप्तर घेतलेलं. अक्का ट्रकच्या मागच्या फाळक्यावर एक पाय ठेवून चढायच्या बेतात होती.

"अक्का!"

ती वळली. मी धापा टाकत बोलायला लागलो, "अगं काय झालं म्हणजे, ते जहाज हलतच नाही, आणि तिथं एक उतार होता, सिमेंटचा, तर साहेब म्हणाला..."

"येका शब्दात सांग," अक्का म्हणाली.

"राहिले," मी म्हणालो. "दाजी तिथंच राहिले. घेतलं त्यांना."

अक्कानं फाळक्यावरचा पाय खाली घेतला. वर हात केला, आणि पोरगी दप्तरासकट त्या हातात आली. बोचकं कुणीतरी वरून टाकलं, ते मी झेललं आणि झेलताना पडलो. त्याकडं कुणी बघितलं नाही. मग ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, तशी अक्का ट्रकच्या मागं गेली. पदर खोचला, वाकली, आणि दोन्ही हातांनी तो चाकामागचा दगड ओढून बाजूला टाकला. उभी राहिली आणि पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारल्या.

"जाऊ द्या!"